येते

मला स्वस्थ बसता येत नाही. आई म्हणते, ही पायाला भिंगरी लावूनच जन्माला आली. त्या मंगळवारीही अर्धा चहा तसाच टाकून, एका हाताने चपलेचा पट्टा ओढत मी दारातून "येते गं" म्हटलं, आणि आतून आई म्हणाली, "ये, पण डबा घेऊन जा." डबा राहिलाच.

आमचा तिघांचा गट होता. वेगवेगळ्या शाखांची पोरं एकत्र बांधायची, बाहेरच्या एखाद्या संस्थेकडे धाडायची आणि तिची अडचण संगणकाच्या मदतीने सोडवायला लावायची, असं कॉलेजचं ते सत्र होतं. संगणकवाली मी. दुसरी नर्सिंगची, तिला आम्ही सिस्टर म्हणायचो. तिसरा चित्रकलेचा. स्क्रीनवर काय कुठे दिसावं हे तो ठरवायचा आणि रंगांवरून भांडायचा, म्हणून तो रंगारी. तीन तिगाडा काम बिगाडा, असं सिस्टर पहिल्याच दिवशी म्हणाली होती. तेव्हा आम्ही हसलो.

आमच्या वाट्याची संस्था अंथरुणाला खिळलेल्या माणसांकडे देखभाल करणाऱ्या ताया पाठवते. ऑफिस म्हणजे एक खोली, एक लांब टेबल, एक फोन आणि त्या फोनमागे वीस वर्षं बसलेल्या बाई. एखाद्या घरातून ताई निघाली की ती बाईंना फोन करते आणि बाई लगेच दुसरीला तिकडे पाठवतात. तेरा घरं, आणि नियम एकच: कोणीही अर्ध्या तासाहून जास्त एकटं राहता कामा नये. बाईंना सगळ्यात जास्त घोर सात नंबरच्या घड्याळकाकांचा. जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेला हा माणूस, आता उभं राहायलाही कुणाचा तरी हात लागायचा, पण एकटे राहिले की हटकून उठायला बघायचे.

बाईंची फोनातून सुटका करायचा घाट आम्ही घातला. ताईने मोबाइलवर बोलून निरोप ठेवायचा, माझा प्रोग्राम तो ऐकणार आणि स्क्रीनवर ते घर हिरवं किंवा राखाडी करणार. हिरवं म्हणजे ताई जवळ आहे. राखाडी झालं की पुढच्या ताईला आपोआप निरोप. शब्दांचे मी दोन खण केले होते. आले, येते, पोचले हे एका खणात आणि गेले, जाते, निघाले दुसऱ्यात. तायांबरोबर अजून आठवडाभर फिरू या, त्या बोलतात कशा ते ऐकू या, असं सिस्टरचं म्हणणं होतं. मी म्हटलं, आठवडा काय झाडाला लागतो? खरं सांगायचं तर ऐकत बसायचा मला कंटाळाच होता.

मंगळवारी चाचणी. नऊ ते तीन बाईंनी फोनला हात लावायचा नाही, आणि सगळं सुरळीत पार पडलं तर संस्था आमचं काम कायमचं वापरणार. पहिले दोन तास घरं हिरवी-राखाडी-हिरवी होत राहिली. रंगारी खूश होता. माझा गुडघा टेबलाखाली शिलाई मशीनसारखा हलत होता.

साडेअकराला बाईंची चुळबुळ सुरू झाली. सात नंबरची ताई रोज अकराला निघते, म्हणाल्या. मी म्हटलं, थांबली असेल. बाराला त्यांचा हात फोनकडे गेला आणि मी तो चक्क धरला.

"बाई, हिरवं दिसतंय ना?"

"दिसतंय गं. पण अकरानंतर हिरवं कसं?"

त्यावर मी, यंत्रावर विश्वास ठेवायला शिकलं पाहिजे, वगैरे छोटंसं भाषण ठोकलं. आईच्या वयाच्या बाईपुढे. त्यांनी हात मागे घेतला. तो मागे गेलेला हात आठवला की मला अजूनही तोंड लपवावंसं वाटतं.

सिस्टरने हेडफोन घातले, सात नंबरचा मूळ निरोप शोधला आणि हेडफोन माझ्या कानाला लावले. अकरा वाजून दोन मिनिटांचा निरोप. मागे घड्याळांची टिकटिक, पुढे ताईचा आवाज: "चला काका, येते मी हं." मग दार बंद झाल्याचा आवाज.

माझ्या प्रोग्रामने 'येते' ऐकलं आणि आधीच हिरव्या असलेल्या घरात पुन्हा हिरवा रंग भरला. तायांना आम्ही 'निघाले' म्हणा असं बजावलं होतं, आणि बाकीच्या म्हणतही होत्या. पण आजारी माणसाच्या दारात उभं राहून ते या ताईच्या जिभेवर आलं नाही. कुणाच्या येईल? मी स्वतः सकाळी काय म्हणून घरातून निघाले होते?

"फोनवर मी शब्द कुठे ऐकते," बाई हळूच म्हणाल्या. "दार ऐकते." आणि खिळ्यावरची जादा किल्ली काढून त्यांनी सिस्टरच्या हातात दिली.

काकांचं घर तीन गल्ल्या पलीकडे. लिफ्ट वरच्या मजल्यावर अडकलेली. सिस्टर आणि मी तीन जिने धावत चढलो, आणि दर पायरीला मी मनात नवस केल्यासारखं म्हणत होते, अंथरुणात असू देत, अंथरुणात असू देत.

ते जमिनीवर होते. पाठ पलंगाला टेकलेली, एक पाय अंगाखाली दुमडलेला, ओठ कोरडे. आम्हाला बघून त्यांनी भिंतीकडे नजर टाकली.

"बारा बावीस," ते म्हणाले. "एक तास वीस मिनिटं."

मी उचलायला धावले तशी सिस्टरने मला अडवलं. आधी तिने पाय तपासला, कंबर तपासली, डॉक्टरांना फोन केला, आणि मला म्हणाली, त्यांचा हात धरून नुसती बस. मी बसले. चमच्याने पाणी पाजलं. भिंतीवर सात-आठ घड्याळं होती, त्यांतलं एकही मागेपुढे नव्हतं. माझा गुडघा हलत नाहीये, हे मला फार उशिरा कळलं.

हाड मोडलं नव्हतं. मुका मार आहे, असं डॉक्टर म्हणाले आणि काकांना पलंगावर ठेवून गेले. दोनला पुढची ताई आली. मी काकांची माफी मागितली, चूक माझी कशी ते सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. ऑफिसात बाई वाट बघत होत्या, चाचणी बुडाली होती, मला तिथून पळून जावंसं वाटत होतं. चपला घातल्या, आणि सवयीने तोंडातून निघून गेलं, "येते हं, काका."

मी जीभ चावली. त्यांनी मान वळवली.

"कधी?"

जन्मात मला कुणी हे विचारलं नव्हतं. आईनेसुद्धा नाही.

"उद्या," मी म्हटलं.

"किती वाजता?"

"अकराला."

त्यांनी भिंतीवरच्या घड्याळांकडे एकदा पाहून घेतलं आणि डोळे मिटले.

दुसऱ्या दिवशी पावणेअकरालाच मी त्यांच्या जिन्यात उभी होते.