झाडाची भिंतीकडची बाजू

हलवायाच्या घरावर तुळशीपत्र कसं ठेवावं, ते आमच्या गुरुनाथकडून शिकावं. झाड कुणाचं, दान कोण करतंय आणि बोर्डावर नाव कुणाचं!

आमच्या ह्या डच गावात पद्धत अशी. कुणाच्या बागेतलं ख्रिसमसचं झाड घराला डोईजड झालं, की तो ते नगरपालिकेला देतो. डिसेंबरात ते क्रेननं उचलून चौकात उभं करतात, दिवे लावतात आणि खाली देणाऱ्याच्या नावाचा बोर्ड. चांगली पद्धत आहे, मी कुठे नाही म्हणते? पण दोन हजार वीसमध्ये गुरुनाथचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं, ऑफिस घरात आलं आणि बागेतल्या झाडामुळे त्याच्या खोलीत अंधार पडायला लागला. मीटिंगमध्ये तोंड काळं दिसतं म्हणे. झालं, नगरपालिकेला मेल पाठवून मोकळा. मला मागाहून सांगितलं.

"अरे, ते ट्रुसआजीचं झाड आहे," मी म्हटलं.

"घर घेतलं ते झाडासकट घेतलं," तो म्हणाला. "कागद बघ हवं तर."

कागदावर बरोबरच होतं त्याचं. पण ट्रुसआजीनं, म्हणजे ज्या डच बाईकडून आम्ही घर घेतलं तिनं, लग्नानंतरच्या पहिल्या नाताळाला कुंडीतून आणलेलं ते गुडघाभर झाड स्वतःच्या हातानं लावलं होतं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्याच्याकडे बघत जन्मभर बटाटे सोलले तिनं. घर विकून ती चौकातल्या वृद्धाश्रमात राहायला गेली, तरी पाय चालत होते तोवर दर मंगळवारी आमच्याकडे यायची. मला डच तिनंच शिकवलं. माझा उपमा नाक मुरडत खायची आणि वर डबा भरून न्यायची. ह्या देशात माझं म्हणावं असं एकच माणूस होतं, ते ती.

म्हणून सप्टेंबरात मास्क लावून तिला विचारायला गेले. विचारायला कसली, सांगायलाच.

"चौकात म्हणजे माझ्या खिडकीसमोरच ना?" ती म्हणाली. "मग जाऊ दे. निदान परत एकदा बघेन तरी त्याला."

"रोज बघाल," मी म्हटलं. "माझा शब्द."

डिसेंबरात तिच्या मजल्यावर कोरोना शिरला आणि भेटीगाठी बंद झाल्या. चौकातला सोहळाही रद्द झाला. लोकांना घरबसल्या कॅमेऱ्यातून दाखवायचं ठरलं. झाड आलं त्या सकाळी मी गुरुनाथबरोबर हजर होते. क्रेननं ते उभं केलं आणि मी त्याच्याभोवती एक चक्कर मारली. आमच्या बागेत त्याची एक बाजू शेजाऱ्याच्या भिंतीला लागून वाढलेली. तिकडे ऊन नाही, की धड फांद्या नाहीत, नुसता तपकिरी खराटा. ती बाजू घरातून कधी कुणाला दिसलीच नव्हती. आणि नेमकी तीच वृद्धाश्रमाकडे!

मी कार्यक्रमवाल्या बाईकडे धावले. "जरा फिरवा ना झाड. तिकडून माणसं बघणार आहेत."

"कॅमेरा दुकानांच्या बाजूला आहे," ती हसून म्हणाली. "त्याला चांगली बाजू लागते."

"अहो, पण चौकात चिटपाखरू नाही! जिवंत डोळे आहेत ते त्या खिडक्यांतच!"

"शामला, तमाशा नको," गुरुनाथ मराठीत पुटपुटला. "आपलं नाव आहे तिथे."

मी केला तमाशा. भांडले, हातापाया पडले. क्रेन निघून गेली.

संध्याकाळी दिवे लागले. गुरुनाथनं सगळ्या नातेवाइकांना लिंक पाठवली, ग्रुपवर कौतुकाला नुसता पूर. मी आत जाऊन ट्रुसआजीला फोन लावला.

"दिवे छान आहेत," ती म्हणाली. "पण हे कुणाचं झाड?"

"तुमचंच, आजी. ही त्याची भिंतीकडची बाजू आहे."

"मला नको शिकवूस. माझं झाड खालपासून वरपर्यंत गच्च होतं. काय केलंत त्याचं? विकलंत?"

"नाही हो, शपथ!"

"तुम्ही लोक गोड बोलता," ती म्हणाली. "माझी बहीण घर देतानाच म्हणाली होती. मी ऐकलं नाही."

तुम्ही लोक! इतक्या वर्षांत हे कधी तिच्या तोंडून ऐकलं नव्हतं. जिवाची लाही लाही झाली. पण राग तरी तिच्यावर कसा काढू? तिला दिसत होता तो खराटाच होता.

दुसऱ्या दिवशी चौकात जाऊन भरल्या बाजूचा, नुसतं झाडच दिसेल असा फोटो काढला, मोठा छापून घेतला आणि वृद्धाश्रमाच्या दारात नर्सच्या हाती दिला. आजीनं झाड ओळखलं, पण फोटो तिला बागेतला, जुना वाटला. "हो, हेच माझं," म्हणाली म्हणे. "बघा, होतं की नाही? आता विचारा तिला, कुठे गेलं ते." त्यानंतर तिनं माझा फोन घेतला नाही.

नाताळच्या आठवड्यात त्याच नर्सचा फोन आला. ट्रुसआजी गेली होती. कोरोनानंच.

"एक विचारू?" नर्स म्हणाली. "शेवटी शेवटी त्या आपली खुर्ची भिंतीकडे फिरवून घ्यायच्या. समोर एवढं सजवलेलं झाड, आणि पाठ करून बसायच्या. त्यांना नाताळ आवडत नव्हता का?"

काय सांगणार, कपाळ! मला खोटारडी समजूनच गेली ती. आता पटवायचं कुणाला?