लिंबू इंदूरचे कसे झाले

सोमवार, १४ जुलै २०२५. सकाळचे दहा वाजून वीस मिनिटे. इंदुरात विजय नगरच्या मागच्या अंगाला, रमाताईंच्या रोपवाटिकेच्या छपराखाली लिंबाच्या कलमांच्या एकशे चाळीस पेट्या रचलेल्या होत्या आणि त्यांपैकी एकीवरही अजून नाव उमटले नव्हते. मित्रांनो, ते नाव उमटवणारा मी: पंचेचाळीस सेंटिमीटर लांब, वीस सेंटिमीटर रुंद, जस्ती पत्र्याचा एक जुना छापा. हजारो पेट्यांवर पालथा पडून मी आयुष्य काढले. पण त्या सकाळी खिळ्यावर लटकलेला असताना मला क्षणभरही स्वस्थता नव्हती. खाली माझ्यावरूनच वाद पेटला होता.

तो वाद समजण्यासाठी आधी माझा जन्म सांगितला पाहिजे.

१९८६ साली लक्ष्मीकांत यांनी मला घडवले. ते तुकोगंजात राहत, तंत्रनिकेतनाचे पदविकाधारक होते आणि मोजल्याशिवाय एक रेघही ओढत नसत. रमाताईंनी तेव्हा नुकतीच रोपवाटिका काढली होती. रेल्वेने माल पाठवायचा तर पेटीवर तो कोठून निघाला हे लिहावे लागे. म्हणून लक्ष्मीकांत यांनी बारीक छिन्नीने माझ्या वरच्या ओळीत ‘प्रेषक इंदूर’ आणि खालच्या ओळीत ‘लिंबू’ अशी अक्षरे कोरली.

छाप्यात अक्षर कोरणे वाटते तितके सोपे नसते. ‘क’च्या पोटातला पत्रा सगळीकडून कापला गेला तर तो गळून पडतो आणि अक्षराच्या जागी भोक उरते. त्याला धरून ठेवायला मध्ये बारीक पट्ट्या सोडाव्या लागतात. ‘प्रेषक’ या एका शब्दात अशा सात पट्ट्या होत्या. माझ्या अंगातला तोच सर्वांत नाजूक भाग.

कुंचल्याने काळा रंग थापला की मी उचलला जाई आणि पेटीवर स्वच्छ अक्षरे उरत. एकदा एका हमालाने ती वाचून विचारले, “भिया, ये इंदौर को इंदूर किसने कर दिया?”

“मराठीत असंच लिहितात,” लक्ष्मीकांत म्हणाले. “तू पेटी उचल.”

पाच वर्षे सुखात गेली. मग १९९१च्या हंगामात ‘ष’मधली पट्टी तुटली, पाठोपाठ ‘क’मधली. ‘प्रेषक’च्या जागी रंगाचा डाग उमटू लागला. गाडी सुटायला दोन तास उरले होते. नव्या पट्ट्या बसवायला अख्खा दिवस लागला असता. लक्ष्मीकांत यांनी त्या शब्दावर पत्र्याचे ठिगळ कथलाचा डाख देऊन चिकटवले आणि म्हणाले, “पेटी कुठून आली, ते नुसत्या ‘इंदूर’वरून कळतंच.”

मित्रांनो, ते तसे कळले नाही. वरच्या ओळीत ‘इंदूर’, खालच्या ओळीत ‘लिंबू’. लोकांनी दोन्ही ओळी एका दमात वाचल्या. दुसऱ्याच वर्षी खानदेशातून पत्र आले, ‘इंदूर लिंबूची शंभर कलमे पाठवावीत.’ मग विदर्भातून आले, मग निमाडातून. चार-पाच वर्षांत शहरातल्या इतर रोपवाटिकांनीही ‘असली इंदूर लिंबू’ असे फलक लावले. मी फुगून गेलो. एका शहराचे नाव एका झाडाला लावणारा छापा दुसरा कोण असेल, असे मला वाटे.

परंतु ते झाड इंदुरात नव्हते. शहरापासून साठ किलोमीटरवर आंबाखोदरा नावाचे गाव आहे. तेथे उदयसिंह राहत. त्यांच्या पूर्वजांना होळकरांच्या फौजेतल्या चाकरीबद्दल तेथे जमीन मिळालेली. त्यांच्या विहिरीकाठच्या एका लिंबाच्या झाडाच्या फळांची साल पातळ होती, बिया जेमतेम तीन-चार, आणि ऐन उन्हाळ्यातही ते फळत असे. त्याच एका झाडाची गुटी कलमे बांधून, म्हणजे फांद्यांना झाडावरच मुळे फोडून, ते ती दर जुलैत रमाताईंकडे आणत. झाड त्यांचे, हात त्यांचे. इंदुरात फक्त पेटी भरली जाई आणि मी तिच्यावर पडे. हे जसजसे मला उमगत गेले, तसतसा प्रत्येक ठसा मला टोचू लागला.

उदयसिंहांच्या मागे त्यांची सून कमल हे काम पाहते. त्या सोमवारी कलमे घेऊन तीच आली होती. या पेट्या नेहमीच्या गिऱ्हाइकाकडे जाणार नव्हत्या. त्या एका सरकारी चाचणी-बागेत जाणार होत्या आणि पेटीवर जे नाव असेल तेच वाणाचे नाव म्हणून तेथल्या नोंदवहीत कायमचे चढणार होते.

“आमच्या गावाचं नाव टाका, रमाजी. बस, इतकंच,” कमल म्हणाली.

“कमलजी, आंबाखोदरा म्हटलं तर बसचा कंडक्टर पण विचारतो, किधर है?”

“तेच तर! कुठे लिहिलेलंच नाही, तर कळणार कसं त्याला?”

“चाळीस वर्षं मी ह्या नावासाठी घासलीय,” रमाताईंचा आवाज चढला. “लोक इंदूर बघून पेटी घेतात. उद्या भलतंच नाव दिसलं तर म्हणतील, नकली माल आहे. मग?”

“मग मी गाडी वापस नेते. माझ्या सासऱ्यांनी, आबासाहेबांनी, ते झाड दोन दुष्काळात घागरीनं पाणी घालून जगवलंय. त्याच्या कपाळावर दुसऱ्याचं गाव नाही लिहू देणार.”

लक्ष्मीकांत आता सत्तरीला टेकले आहेत. माझा वाकलेला कोपरा सरळ करायला रमाताईंनी त्यांनाच बोलावले होते. त्यांनी मला खिळ्यावरून काढले, उजेडासमोर धरले आणि त्यांचा अंगठा त्या जुन्या ठिगळावर थांबला.

“रमाताई, हा घोळ माझा आहे,” ते म्हणाले. “इथे ‘प्रेषक’ होतं. मी बुजवलं. घाई होती.”

“बुजवलं तर बुजवलं, काका. नाव तर झालं ना!”

“झालं. आता सांगा, पाच वर्षांनी त्या बागेला आणखी कलमं लागली, तर माणसं कुठे येतील?”

“इथेच. इंदूरला.”

“मग मला इथलं मूळ झाड दाखवा.”

रमाताईंनी नकळत मागे वळून पाहिले. तेथे रिकाम्या कुंड्या होत्या.

“दहा जण ‘असली’चा बोर्ड लावून बसलेत,” लक्ष्मीकांत म्हणाले. “जो पहिला भेटेल, तो बीपासून काढलेलं कुठलंही रोप देईल. नाव तुमचंच राहील, झाड मात्र भलतंच. ते चालेल?”

मी अजून लक्ष्मीकांत यांच्या हातात होतो. मला वाटले, आता मला भंगारात टाकतील. शेवटी रमाताई पदराने हात पुसत म्हणाल्या, “आंबाखोदऱ्यात ‘ख’ला ‘ओ’ आहे ना, कमलजी? नीट लिहून द्या. चूक नको.”

लक्ष्मीकांत यांनी ठिगळ उपटले. मला फार दुखले. दोन दिवस बसून त्यांनी सातही पट्ट्या नव्याने जोडल्या. शेजारी दुसरा पत्रा घेऊन ‘वाण आंबाखोदरा’ ही अक्षरे कोरली. छिन्नी चालताना पत्रा हलू नये म्हणून कमल दोन्ही हातांनी तो दाबून बसली होती. बुधवारी पेट्या निघाल्या. आधी तो नवा छापा त्यांच्यावर पडला, मग त्याच्याखाली मी.

मित्रांनो, तुम्हीही वस्तूंवर नावे लिहाल, चिठ्ठ्या लावाल. माझी एवढीच विनवणी आहे की वस्तू कोठून निघाली आणि ती कोठे रुजली, या दोन गोष्टी वेगळ्या लिहा. नाव हा पत्ता असतो. त्या पत्त्यावर गेलेल्या माणसाला झाड सापडले पाहिजे. आणि जागा अपुरी पडली किंवा घाई झाली, तरी एखादा शब्द बुजवू नका; बुजवायला एक तास पुरतो, उघडायला मला चौतीस वर्षे लागली.

मी अजूनही स्वस्थ नाही. फलक तसेच आहेत, फोन तसेच येतात आणि रमाताई प्रत्येकाला गाव समजावून सांगतात. त्या बुधवारपासून ३१ डिसेंबरपर्यंत रोपवाटिकेच्या वहीत ‘इंदूर लिंबू’ मागणाऱ्या नोंदी दोनशे बारा झाल्या. आंबाखोदऱ्याचे नाव घेऊन आलेल्या, अकरा.