मनुबाईच्या लुगड्याखालचे हिरडे

१९४४ सालची गोष्ट. वळवाची भुरभुर येऊन गेली आणि दुसऱ्या सकाळी मला कळलं, की हिरड्याचा सगळा बहर करपला. फुलं काळी पडून झाडाखाली गळाली होती.

लढाईसाठी आमच्या डोंगरावरची झाडं तोडून नेली होती. कराडच्या या अंगाला हिरड्याचं हे एकच झाड उरलं होतं. याच्या बिया डोंगरावर लावायच्या, असं माझी बायको मनुबाई म्हणायची. मी हो म्हटलं होतं. आदल्या भाद्रपदात ती गेली.

पुढच्या वर्षी बहर आला, तेव्हा शेजारची अंबूमावशी म्हणाली, "केरबा, झाडाला मूल ऱ्हाईना. वटी भर त्याची."

"मावशी, मी गडी माणूस."

"मग काय झाडाच्या सासूला बोलवू? मनूचं लुगडं आन."

मनुबाईचं हिरवं लुगडं मी खालच्या फांदीवर पांघरलं. बुंध्याशी तांदूळ, नारळ आणि पाण्याचा तांब्या ठेवला.

तीन दिवस भुरभुर झाली. खाली मोहिद्दीनची वीटभट्टी पेटलेली होती. तिच्यात दगडी कोळसा जळायचा आणि धूर झाडावर बसून राहायचा. बहर पुन्हा करपला. पण लुगडं उचललं, तर त्याखालची फुलं होती तशीच होती. पंधरा दिवसांत तिथं बारीक फळं धरली.

"पावली वटी," मावशी गावभर सांगत सुटली. बायका झाडाला हळदकुंकू लावायला आल्या. मनुबाई गेल्यापासून मी पहिल्यांदाच हसलो.

तांब्या उचलायला गेलो, तेव्हा दिसलं. पानांवरचं पाणी जिथं ठिबकलं होतं, तिथं तांबं चिंचेनं घासल्यासारखं लखलखत होतं.

मी तो तांब्या घेऊन मोहिद्दीनकडे गेलो.

"अर्धाच घासलास व्हय रं?" तो म्हणाला.

"तुझ्या धुरानं घासलाय. पाऊस आंबट करतोय त्यो. फुलं त्यानंच जळत्यात."

मोहिद्दीन झाडापाशी आला. सकाळी पुन्हा भुरभुर झाली होती; पानावरचा थेंब त्यानं बोटावर घेऊन चाटला आणि तोंड वाकडं केलं.

"आमच्या घरच्या मेहरुनबीला सांगू नगंस. चिंच आणायची बंद करंल." मग म्हणाला, "पेटलेली भट्टी विझवता येत न्हाई गड्या. पुढच्या साली शिमग्याच्या आत, बहर यायच्या आधी उरकतो."

"आन न्हाई उरकली तर?"

"तर गावातली समदी लुगडी आणून झाड झाकतो."

त्यानं शिमग्याच्या आत उरकली. त्या साली बहर टिकला, आणि यंदा माघात झाडाखाली पाय ठेवायला जागा नव्हती, इतके हिरडे पडले. मावशी म्हणते, ही वटीचीच करणी. मी तिला नारळ दिला.

बिया पोत्यात भरून ठेवल्या आहेत. मनुबाईला हो म्हटलं होतं, पण एकट्यानं डोंगरावर अजून एकही लावलेली नाही.