वेलावरची चादर

मेलेला उंदीर शेपटीने उचलावा तशी बाळाबाईंनी ती ओली चादर चिमटीत धरली, तोंड फिरवलं आणि भिंतीपलीकडे स्मिताच्या अंगणात टाकून दिली.

दिवस मावळला की वाळत घातलेलं आत घ्यावं, एवढंही या बाईला कुणी शिकवलं नव्हतं. त्यात चादर रोजची. लेक अजून अंथरूण ओलं करायची. आणि टाकायची कुठे, तर मधल्या भिंतीवर, बाळाबाईंच्या पावट्याच्या वेलावर.

"सॉरी मावशी," स्मिता केस पुसत बाहेर आली. "दोरीवर जागाच नसते हो. ऑफिसातून आले की धुते, सकाळी काढते."

"आमच्याकडे तिन्हीसांजेनंतर वेलाला हात लावत नाहीत. तू त्याला चादरी नेसवतेस. धरणार कसा तो?"

"आजपासून नाही टाकणार. प्रॉमिस."

"बघू," बाळाबाई म्हणाल्या. प्रॉमिस या शब्दावर त्यांचा विश्वास नव्हता.

वेल धरत नव्हता हे मात्र खरं. अख्ख्या सेक्टरात एवढा हिरवागार वेल नव्हता, आणि त्याला एक फूल नव्हतं. चंपाषष्ठी होऊन गेली. रोह्याजवळ त्यांच्या माहेरी या दिवसांत शेंगांनी मांडव वाके आणि आई ओचा भरून शेंगा घरात आणी. ते शेत विकलं गेलं, भाऊही गेला. आईच्या वाणाचे पावटे बाळाबाईंच्या डब्यात तेवढे उरले होते. त्यांनाही भुंगा लागला. धड होते ते सगळे त्यांनी पावसाच्या तोंडावर इथे लावले. यंदा शेंग आली नाही तर वाण संपला. वाशीच्या मार्केटात पावटे ढिगाने मिळत. बाळाबाई ते खात, पण त्यांना पावटे म्हणत नसत.

समोरच्या घरातले अरविंद रोज फाटकाशी थांबून सल्ला देत. त्यांना स्वतःला मनीप्लँटपलीकडे काही जगवता आलं नव्हतं.

"काकू, खत जास्त झालंय. नुसता पाला माजतो."

"दसऱ्यापासून चिमूटभर दिलेलं नाही."

"मग मावा असेल."

"मावा आला की मुंग्या येतात. दिसते कुठे मुंगी?"

"पाणी तोडा. शेंडे खुडा."

"तोडलं. खुडले."

"मग वाणच म्हातारा झाला. हायब्रीड बी आणा."

बाळाबाईंनी नुसतं त्यांच्याकडे पाहिलं. अरविंदना दूध आणायचं आठवलं.

स्मिताने शब्द पाळला. बाळाबाईंना त्यातही खोट दिसली. एवढं सोपं होतं तर आधी काय झालं होतं?

आठवड्याभराने तिन्हीसांजेला बाळाबाई मधल्या भिंतीच्या, चादर पडायची त्या कोपऱ्यापर्यंत गेल्या. चादरीच्या किळसेने तिकडे त्यांनी धड पाहिलंच नव्हतं. पानांमधून जांभळे तुरे वर आले होते. चादर पोचायची तिथपर्यंतच. पुढे पुन्हा नुसती पानं.

एवढ्यात फाटकाजवळच्या खांबावरचा दिवा लुकलुकला आणि लागला. पिवळा उजेड वेलावर पसरला. आता तो पहाटेपर्यंत हलणार नव्हता. हा दिवा बाळाबाईंनीच आणवलेला. गेल्या उन्हाळ्यात मुलाला कचेरीचे इतके हेलपाटे घालायला लावले, की तो दिव्याचं नाव काढलं तरी चिडे.

माहेरी दिवेलागणीनंतर मांडवाखाली स्वतःचा हात दिसत नसे. वेलाला रात्र लागते, हे आईने कधी सांगितलं नव्हतं. सांगायचं कारणच पडलं नव्हतं.

बाळाबाईंनी दिव्याकडे पाहिलं, मग चादरीच्या अंधारात आलेल्या तुऱ्यांकडे.

"स्मिता! ए स्मिता!"

"काय झालं, मावशी?"

"आज चादर धुतली नाहीस?"

"धुतली ना. आत पंख्याखाली घातलीय. तुम्हीच म्हणालात..."

"मी म्हणाले म्हणून? घरात ओल करून पोरीला सर्दी आणशील. आण ती इकडे."

"पण मावशी, रात्रीची बाहेर..."

"मला शिकवू नकोस. आणखी असतील तर त्याही आण."

स्मिताने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा वेलाकडे, आणि आत जाऊन चादर आणून दिली.

बाळाबाईंनी ती दोन्ही हातांनी झटकली आणि तुऱ्यांच्या पुढे, नुसती पानं होती तिथे पसरली. कापड अजून साबणाने बुळबुळीत लागत होतं.

"धड खळबळताही येत नाही," त्यांनी नाक मुरडलं, आणि चादरीचं टोक ओढून शेवटच्या पानापर्यंत नेलं.