निळ्या दोऱ्याच्या गाठी

मोहरीएवढी गाठ होती, निळी, आणि दिव्याखाली ओली चमकत होती — पोटाच्या पातळ पांढऱ्या पडद्यात, जिथे काहीही निळं असायचं कारण नव्हतं. डॉक्टरिणीने चिमट्याचं टोक लावून पाहिलं. गाठ हलली नाही. तिच्या पलीकडे दुसरी, मग तिसरी, सारख्या अंतरावर, आणि प्रत्येक गाठीला पाच पदर. तीन पदरांनी भागतं. मांजरीच्या एवढ्याशा पोटाला शहाणा माणूस तीन पदरांपुढे जात नाही, असं ती त्याला किती वेळा म्हणाली होती. अरे, मांजर आहे ती, बैल बांधतोयस का? आणि निम्मं आयुष्य गुरांच्या गोठ्यात काढलेला तिचा नवरा मान वर न करता म्हणायचा, बैल सुटला तर सापडतो गं, मांजर सुटली की सुटली.

"थांबलात का मॅडम?" टेबलाच्या डोक्याशी उभ्या असलेल्या कंपाउंडरने विचारलं.

"काही नाही."

काही नाही तर हात का थांबले... पोट अजून पुरतं उघडलेलंही नव्हतं. घातलेली चीर दोन टाक्यांत मिटवून मांजर खाली उतरवता आली असती. कारण त्या गाठी एकच सांगत होत्या — हे पोट आधी एकदा उघडलेलं आहे, तिनेच उघडलेलं आहे, पिल्लं होऊ नयेत म्हणून आतून जे काढायचं ते तिनेच केव्हाच काढलेलं आहे, आणि मग तो पुढे सरकून शिवून गेला आहे. वाटणीच तशी होती, कापायची ती, शिवायचा तो. निळा दोरा त्याचा. विरघळणाऱ्या दोऱ्यावर त्याचा कधी विश्वास बसला नाही. जो स्वतःच नाहीसा होणार त्याच्या भरवशावर पोट कसं सोडायचं, असं त्याचं म्हणणं. असा दोरा वापरणारा इथे दुसरा कुणी नव्हता. आता तोही नव्हता. गेल्या हिवाळ्यात बेसिनपाशी हात धुता धुता गेला, नळ तसाच चालू ठेवून.

पण मग कान?

तिने मांजरीच्या डोक्यावरचं कापड जरा उचललं. भटक्या मांजरीचं ऑपरेशन झालं की ती भुलीत असतानाच तिच्या डाव्या कानाचं टोक सरळ कापतात. लांबूनही कळावं, ही झालेली आहे, हिला पुन्हा पकडू नका. हे कामही शिवणाऱ्याकडेच, म्हणजे त्याच्याकडे. कापडाखाली दोन कान होते, काळ्या-पिवळ्या ठिपक्यांचे, टोकदार, अगदी साबूत.

आणि तरीही तिने गर्भाशय ओढून काढायचा हूक आत घातला.

सकाळी पेपरच्या स्टॉलवाली काकू या मांजरीला आपल्याच टोपलीत घालून घेऊन आली होती. मांजर कुठून तरी येऊन अलीकडेच स्टॉलमागे राहायला लागलेली, पण काकूचा जीव जडायला तेवढे दिवस पुरले. "पोट बघा की हो डॉक्टर, चार तरी असतील आत. आधी हिलाच घ्या." आणि डॉक्टरीणही फसली. ऑपरेशन झालेल्या मांजरी अंगाने सुटतात, हे माहीत नसायला ती काय काल शिकून आली होती? पण तिने साबूत कान पाहिला, गरगरीत पोट पाहिलं, आणि पहिली हिलाच टेबलावर घेतली. केस काढलेल्या पोटावर जुन्या टाक्यांची पुसट रेघ असेलही. कान साबूत म्हटल्यावर रेघ कोण शोधत बसतं?

हूक फिरत राहिला. चरबी, आतडं, पुन्हा आतडं. गर्भाशय सापडायला हवं होतं... सापडलं असतं तर त्या गाठी कुठल्या तरी जुन्या जखमेच्या ठरल्या असत्या, कुणा दुसऱ्याच्या ठरल्या असत्या. तो तिच्या शेजारी उभा राहून कानाचं 'झालं' म्हणत होता आणि कापत नव्हता, असं तरी ठरलं नसतं. तिने चीर वाढवली. आत काही नाही हे तिच्या बोटांना पहिल्याच फेरीत कळलं होतं, बोटं खोटं बोलत नाहीत, पण ती बोटांचंही ऐकायला तयार नव्हती.

"मॅडम, श्वास उथळ झालाय. आवरू या का?"

"एकदाच बघते."

"मॅडम." कंपाउंडरने आवाज चढवला नव्हता. तो तिच्या हातांकडे बघतही नव्हता, मांजरीच्या जिभेकडे बघत होता. जिभेचा गुलाबी रंग उतरायला लागला होता.

मग तिने आवरलं. तिच्या विरघळणाऱ्या दोऱ्याने, तीन-तीन पदरांच्या गाठी मारत, त्याच्या गाठींना चुकवत चुकवत तिने पोट मिटवलं. आणि हात आपसूक चालत असताना तो कधीचा दिवस वर आला, अगदी सुरुवातीचा, जेव्हा ह्या कामाला दोघं नवी होती. हातात कात्री घेऊन तो नुसताच उभा राहिला होता. कान तरी राहू दे ना गं तिचा, सगळंच काय काढून घ्यायचं? ती म्हणाली होती, खूण नसली तर पुन्हा कुणीतरी पकडेल, पुन्हा भूल, पुन्हा चीर, त्यापेक्षा कानाचं टोक गेलेलं काय वाईट? तर म्हणे, पकडतील कशी? मी आहे ना ओळखायला. आणि तिने सगळ्यांच्या देखत, हसत हसत, पण जरा टोचूनच विचारलं होतं, तू काय सगळ्यांच्या जन्माला पुरणार आहेस?

तोही हसला होता. त्यानंतर विषय निघाला नाही. प्रत्येक मांजरीच्या शेवटी कात्रीचा बारीक आवाज यायचा, 'झालं' असा शब्द यायचा, आणि ती पुढच्या मांजरीकडे वळायची. वर बघायची गरज कधी पडली नाही. कशावर चालवत असेल तो ती कात्री... दोऱ्याच्या शेपटावर? हवेत? डोळे मिटून दूध पिणारी मांजर सगळ्यांना ठाऊक असते. इथे दूध तो पीत होता आणि डोळे मिटून ती उभी होती.

पण मग संध्याकाळी पायरीवर चहा घेताना तो लांबवरच्या मांजरी दाखवायचा — ही झालेली, ती भिंतीवरची झालेली, तो बोका बाकी आहे — तेव्हा कळायला हवं होतं. अंधारून आलेल्या उजेडात तेवढ्या लांबून कान कुणाला दिसतो? तिला वाटायचं, नजर कशी शाबूत आहे याची फुशारकी मारतोय. तो त्यांना तोंडावळ्याने ओळखत होता. ती ओळखायची आतून. कापडाला पाडलेल्या तळहाताएवढ्या खिडकीतून जेवढं दिसेल तेवढंच. इतक्या मांजरी हाताखालून गेल्या आणि एकीचंही तोंड तिला आठवत नव्हतं.

मांजरीला टॉवेलात गुंडाळून, गरम पाण्याची पिशवी शेजारी ठेवून, कोपऱ्यातल्या टेबलावर निजवलं. डॉक्टरिणीने हातमोजे काढले. कंपाउंडर तिच्या नवऱ्याच्या गोठ्यांच्या दिवसांपासूनचा माणूस, त्याची सगळी कामं आणि सगळ्या खोड्या जाणणारा. तो हत्यारं धूत होता आणि आज जरा जास्तच घासून धूत होता.

"तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली.

"सगळ्यांचे कान नाही सोडले साहेबांनी. जिचा लळा लागायचा तिचाच."

"अशा किती?"

"मोजतंय कोण मॅडम? साहेबांना लळा लागायला काय वेळ लागायचा?"

"मला का नाही सांगितलंत?"

"तुमच्या दोघांच्या मधे मी कशाला तोंड घालू? आणि साहेब म्हणायचे, मी आहे तोवर काही बिघडत नाही." एवढं बोलून त्याने नळ मोठा केला.

भिंतीलगत पिंजऱ्यांची रांग होती. आजची पकडलेली, अजून टेबलावर यायची असलेली मांजरं कागदांवर अंग चोरून बसली होती, आणि सगळ्यांचे कान साबूत होते. ती वाकून एकेकीकडे बघत गेली. करडी, पांढरी, पुन्हा करडी. हिचा लळा लागला असेल? हिचा? यातली कुणीही एकदा उघडलेली असेल, आणि कुठलीही नसेल. केस काढून, उजेडात धरून जुनी रेघ शोधायची, ती सापडली तर बरं, आणि नाही सापडली तर? उघडावं तर गाठी निघतील. सोडावी तर पावसाळ्याच्या तोंडाला स्टॉलामागे, गोदामात, जिन्याखाली पुन्हा पिल्लं, डोळे चिकटलेली, निम्मी मरायचीच. आभाळ फाटलंय आणि आपण ठिगळ लावत बसलोय, असं ती पूर्वीही म्हणायची, पण तेव्हा निदान लावलेलं ठिगळ जागेवर आहे असा समज होता. आता जी जी झालेली म्हणून सोडून दिली, तीसुद्धा झालेली राहिली नव्हती. तिला वाटलं, आपल्याच्याने आता हे होणार नाही. थकवा नव्हता तो, थकवा तिच्या ओळखीचा होता. हे सरळ कळून चुकल्यासारखं होतं.

"बाकीच्या आज नकोत," ती म्हणाली. उद्याचं त्याने विचारलं नाही.

दार ढकलून स्टॉलवाली काकू आत डोकावली. हातात रिकामी टोपली, तळाशी घडी घातलेली जुनी चादर.

"झालं का हो आमचं? किती होती आत?"

"एकही नव्हतं."

"अगं बाई. म्हणजे नुसतीच खादाड म्हणायची." काकू हसली. मग कोपऱ्यातल्या टॉवेलाकडे बघून तिचं हसू हळूहळू ओसरलं. "अजून निजलीच आहे?"

"भूल जरा जास्त वेळ द्यावी लागली."

"उठेल ना पण?"

"बघू या, काकू. बाहेर बसा तुम्ही."

काकू बाहेर बाकावर बसली, टोपली मांडीवर घेऊन. दाराच्या फटीतून तिचं गुडघ्यावर हलणारं बोट दिसत होतं. डॉक्टरिणीने कोपऱ्यातल्या टेबलापाशी स्टूल ओढलं आणि मांजरीच्या छातीवर हात ठेवला. श्वास होता. बराच वेळ थांबून यायचा, मग आल्यासारखा यायचा. तिने कान धरून पाहिला, गार होता. कंपाउंडरने तिच्या बाजूला एक चिमटा, एक कात्री आणि कापूस ठेवला. बरोबर होतं त्याचं. मांजर जागी व्हायला लागली की कान कापता येणार नाही. कापायचा तर आताच, अशी मेल्यात जमा असताना. आणि उठलीच नाही, तर कापून तरी काय करायचं होतं?

तिने चिमटा घेतला. कात्री घेतली. खूण कशासाठी असते, हे तिने शंभर वेळा शंभर जणांना सांगितलं होतं, पण ओळखणारा माणूस जाईल तेव्हासाठी असते, असं कधी सांगितलं नव्हतं. कारण असं कुणी जाईल हे त्याच्यासारखंच तिच्याही मनात नव्हतं. टोचून विचारलं तेव्हासुद्धा नव्हतं. जन्माला पुरणार आहेस का, असं ज्याला विचारतात तो पुरणार हे धरूनच विचारतात.

मग मी ओळखेन, तिच्या मनात आलं. एवढी एक. ह्या एकीचा कान राहू दे, हिला मी ओळखेन.

चिमटा खाली ठेवून तिने टॉवेल पुरता बाजूला केला, कान बोटांत धरला आणि पहिल्यांदा त्या मांजरीचं तोंड पाहिलं. नाकाच्या एका बाजूला पिवळा डाग, दुसरी बाजू काळी, हनुवटी पांढरी, एका डोळ्यावर तिरपी पट्टी. पुन्हा पाहिलं, पाठांतर करणाऱ्या मुलीसारखं. मग डोळे मिटले. पिवळा डाग... डावीकडे की उजवीकडे? पट्टी होती, ती कुठल्या डोळ्यावर? डोळे न उघडता तिने पुन्हा मन लावलं, आणि तोंड काही जुळेना, नुसतेच रंग हलत राहिले. मग ती घाबरली. डोळे तसेच घट्ट मिटून तिने त्याचं तोंड आठवून पाहिलं. चष्मा आठवला. चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली, निळ्याच, ती आठवली, त्या दोऱ्याची गाठ आठवली, गाठीचे पाचही पदर आठवले. चष्म्याच्या मागे काही येईना.

बोटांत धरलेला कान किंचित थरथरला. बाहेर बाकावरून काकूने विचारलं, "हलली का हो?"

ती डोळे मिटूनच बसून राहिली, एका हातात कान, एका हातात कात्री, आणि चष्म्यामागे तो अजून येतोय का, ते बघत राहिली.