चादर उचलून धरणारी कमान

मित्रांनो, मी जे सांगणार आहे त्यावर तुमचा काडीचाही विश्वास बसणार नाही. मी एक जुनी लोखंडी कमान आहे, आणि मी एकटीने एका माणसाचा जीव वाचवला आहे!

एका वेल्डरने पाण्याचे पाइप वाकवून मला घडवलं. ज्याच्या अंगाला चादरही सोसवत नाही, त्याच्या खाटेवर उभं राहून चादर वरच्या वर तोलून धरायची, एवढंच माझं रुग्णालयातलं काम. एरवी मी अडगळीच्या खोलीत. तिथे माझ्यावर ओली फडकी वाळत घालतात. असो.

एकदा भाजीबाजारात लिलाव पुकारणारा एक माणूस माझ्याखाली आला, सगळे त्याला भोंगा म्हणत. त्याच्या आवाजाने पलीकडच्या गल्लीतली बाळं जागी व्हायची, म्हणून हे नाव. पण आता अंगभर फोड, कातडी सुटत चाललेली, ओठ नि जीभ सोललेली. तोंडातून शब्द फुटेना.

"हे कुठल्या तरी औषधाने झालंय," डॉक्टरीणबाई त्याच्या थोरल्या बहिणीला म्हणाल्या. "ते आधी थांबवायला हवं, नाहीतर जिवावर बेतेल. काय घेत होता?"

"औषध? छे हो! हा दवाखान्याच्या सावलीलाही उभा राहत नाही."

ताई खोटं बोलत नव्हती. त्याचे सांधे धरले म्हणून ती आपल्या डब्यातली गोळी त्याला रोज द्यायची. घरातल्या गोळीला औषध कोण म्हणतं! त्या दुपारीही तिने ती वाटीत साखरपाण्यात घातली.

"घे रे राजा, मला बघ कशी लागू पडली!"

भोंगा मान हलवत राहिला. ताईला वाटलं, लाड करून घेतोय. चमचा ओठांशी आला आणि मित्रांनो, मी उडी मारली! वाटी हवेत, अर्धी विरघळलेली गोळी सिस्टरांच्या चपलेवर!

"ताई, हे काय?" सिस्टरांनी विचारलं.

"घरचीच गोळी हो!"

गोळी बंद झाली. ताई ढसाढसा रडली. हळूहळू भोंग्याला नवी कातडी आली, तान्ह्या बाळासारखी गुलाबी. म्हणून सांगते, दुसऱ्याची गोळी उसनी घेऊ नका आणि डॉक्टरांनी विचारलं तर घरातलंही सगळं सांगा. आणि माझ्यासारख्या शूर कमानीवर फडकी वाळत घालू नका, कारण त्या दिवशी मी कोणाच्याही मदतीशिवाय...

"अगं ए थापाडे!" दारातून असा आवाज आला की सगळा वॉर्ड दचकून उठून बसला. "उडी कसली? सोललेल्या पायाने लाथ मारली मी तुला!"