पाऊण भरलेला ड्रम

आमचे हे एकतीस वर्षं बेअरिंगच्या कारखान्यात तपासनीस होते. दुसऱ्यांनी बनवलेली वस्तू उचलायची, मापायची आणि नाक मुरडून बाजूला टाकायची, हा त्यांचा धंदा. कामगार त्यांना ‘रिजेक्टसाहेब’ म्हणत, आणि त्यांना त्याचा अभिमान होता. निवृत्त झाल्यावर तपासायला मी, माझा स्वयंपाक आणि दूधवाला एवढेच उरलो.

दगड मात्र माझे. जिथे जाईन तिथून एक उचलून आणायची मला खोड. पर्सची अस्तरं फाटली, पण दोन बादल्या भरल्या. गारगोट्या, अकीक, काहींची नावंही मला ठाऊक नाहीत. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “पडदा सुकत चाललाय. दीड वर्ष, फार तर दोन,” तेव्हा मला आधी त्या बादल्याच आठवल्या. पाण्यात भिजवल्यावर दगडांना जे रंग येतात ते वाळले की जातात. ते कायमचे वर आलेले मला बघायचे होते, डोळे जायच्या आत. तसं मी दवाखान्याच्या पायऱ्या उतरतानाच ह्यांना सांगितलं.

“त्यात काय! मागच्या खोलीत पॉलिशचं मशीन बसवू,” हे म्हणाले. “फक्त नीट बघून घेऊ.”

‘नीट बघून’ म्हणाले तिथेच मी सावध व्हायला हवं होतं.

वही आली. वहीत रकाने आले. कुठल्या मशीनचा आवाज किती, वीज किती खाणार, पट्टा किती दिवसांत सैल होतो, रबरी ड्रम बरा की प्लॅस्टिकचा. खोलीत आधी टेबल झालं, मग त्याचे पाय समपातळीत नाहीत म्हणून पुन्हा झालं. भिंतीला आवाज शोषायला अंड्यांचे ट्रे चिकटवले. दगड घासायच्या पावडरींच्या डब्यांना चिठ्ठ्या लागल्या: जाडी, मध्यम, बारीक, शेवटची. डबे रिकामेच. मशीनचा पत्ता नाही.

एकदा वहीतून मोठ्याने वाचून दाखवलं. “हे बघ, दोन प्रकार आहेत. एक थरथरणारं. त्यात काम लवकर होतं, पण दगडाचा आकार तसाच राहतो. खाचा, कंगोरे, सगळं तसंच.”

“मग बरंच की. घेऊन टाका.”

“बरं काय? कंगोरा राहिला तर त्याला काम म्हणायचं? फिरणाऱ्या ड्रममध्ये महिना लागतो, पण दगड कसा गोटीसारखा गुळगुळीत निघतो.”

“अहो, मग तो घ्या. पण घ्या!”

“घाईत घेतलं की जन्मभर डोक्याला ताप.”

माझ्या नणंदेनेही एकदा फोनवर झाडलं. “दादा, वहिनीचे डोळे तुझ्या वहीसाठी थांबणारेत का?” ह्यांनी फोन माझ्या हातात दिला आणि पट्टी शोधायला गेले.

आधी वर्तमानपत्र गेलं. मग सुईतला दोरा. मग ह्यांच्या चेहऱ्याच्या जागी एक करडा डाग आला, आणि खरं सांगते, त्या दिवसांत त्याचं मला फारसं वाईट वाटलं नाही. दोन वर्षं झाली तेव्हा उजेड आणि अंधार एवढंच कळत होतं. मी मशीनचं नाव काढणं सोडून दिलं. राग इतका साचला होता की त्याचाही कंटाळा आला.

मग मी एक केलं. बादल्या चाचपून नऊ दगड वेगळे काढले आणि बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात घालून खाटेशेजारी ठेवले. रंग गेले तर गेले, बोटांना ते ओळखू येत होते. एकाला खाच होती, माझं अंगठ्याचं नख बरोबर बसेल एवढी. लग्नानंतर दुसऱ्या महिन्यात नदीकाठी हे माझ्याशी पहिल्यांदा मोकळेपणी बोलले, तेव्हा उचललेला तो. एक कंगोऱ्याचा, लेक तीन वर्षांची असताना तिने तो माझ्या कपाळावर फेकून मारला होता. तीन टाके पडले होते. तो कंगोरा कपाळावरच्या खुणेत ठेवला की अजून चपखल बसायचा. दुपारी मी एकेक हातात घेऊन बसायची. वेळ बरा जायचा.

मग लेक मला महिनाभर तिच्याकडे घेऊन गेली. डबा पिशवीत घालायला लागले तर म्हणाली, “आई, दगड कसले वाहून नेतेस? परत येणारच आहेस ना?”

परत आले, खाटेवर टेकले, हात डब्याकडे गेला. डबा हलका लागला.

तेवढ्यात हे आत आले. “डोळे मीट,” म्हणाले आणि जीभ चावली. मांडीवर एक जड वाडगा ठेवला. “शेवटी ड्रमवालंच घेतलं. चारही आठवडे एक दिवस बंद ठेवलं नाही. हात लाव.”

मी हात घातला. ओल्या साबणाच्या वड्यांसारखे दगड बोटांतून निसटत होते.

“डब्यातले कुठायत?”

“यातच. ड्रम पाऊण भरावा लागतो गं, नाहीतर दगड एकमेकांवर आपटून फुटतात. बादल्यांतले निम्म्याहून जास्त मी रिजेक्ट केले. कुणाला भेग, कुणी ठिसूळ. थोडे कमी पडत होते. तुझे नऊ बरोबर त्याच मापाचे निघाले. एकदम पास!”

एकतीस वर्षं कारखान्यात आणि चाळीस वर्षं घरात काही पास न करणाऱ्या माणसाने पास केले ते नेमके हे.

“माझा नदीकाठचा द्या,” मी म्हणाले.

वाडग्यात खळखळ झाली. बराच वेळ झाली. केसाएवढा फरक नुसत्या नजरेने पकडणारा माणूस. “रंग कुठला होता त्याचा?” त्यांनी हळूच विचारलं.

“हिरवा.”

“हिरवे अकरा आहेत.”

मग त्यांनी एक माझ्या तळहातावर ठेवला. “हाच तो. नक्की.”

मी अंगठ्याचं नख त्यावरून फिरवलं. कुठेही न अडता ते एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला गेलं.

“रिजेक्ट,” मी म्हणाले आणि दगड त्यांच्या हातात परत दिला. ते तो घेऊन मागच्या खोलीत गेले.

वाडगा आता बैठकीत असतो. येणारे-जाणारे हातात घेऊन म्हणतात, काय चमक आलीय, किती कष्ट घेतलेत तुमच्यासाठी. मी कपाळावरची खूण चाचपत हो म्हणते. तेवढी एक ड्रममध्ये गेली नाही.